दोनची नाव

मे महिना. शेहेचाळीस डिग्री.
कूलरचा वाळा कालच बदलला,
आणि जेवणाच्या टेबलावर
वरणाच्या भांड्याखाली दाबून ठेवलाय
आयर्लंडचा एक डोंगर.

रोशनीनं कॉर्कहून पाठवलेला नकाशा
मी गोकुळपेठेतून मोठा करून आणला,
दोन कागद चिकटवून.
जोड नेमका खिंडीवर आलाय.
तळी पाच. पूल एक, त्यावर म्हणे इच्छा मागतात.
वाट अकरा किलोमीटर,
आणि पलीकडच्या टोकाला
दुपारी दोनला सुटणारी नाव.
ती कुणासाठी थांबत नाही.

हॉस्पिटलातून पोरीला सुट्टी एकच दिवस,
सप्टेंबरातला एक शनिवार.
आठ वर्षांत तिनं मागितलं ते एवढंच :
बाबा, प्लॅन तुम्ही करा.

चौतीस वर्षं सिल्लेवाड्याच्या खाणीत सर्व्हेअर होतो.
जमिनीखाली कोण कुठे उभा आहे
हे कागदावरून सांगायचो.
समोच्च रेषा मला कळतात,
जशी हिला न मोजता कुकरची तिसरी शिट्टी.
रेषा दाटल्या की चढ,
विरळ झाल्या की जरा श्वास.

म्हणून तक्ता आखला.
साडेनऊ : पायथा. त्याआधी गाडी पोचतच नाही.
चहा : दहा मिनिटं.
हिचा गुडघा : स्वतंत्र रकाना.
पहाटे हिला फुटाळ्यावर नेलं,
हातात स्टॉपवॉच.
एक किलोमीटर, एकोणीस मिनिटं.
अकरा एकोणीस दोनशे नऊ,
त्यात डबा, त्यात फोटो, त्यात मेंढ्या आडव्या आल्या तर,
त्यात ही दर दगडापाशी ‘अगं बाई’ म्हणेल ते.
नाव सात मिनिटांनी चुकते.

मग टांगा. तिकडे अजून टांगे आहेत.
आपल्या इतवारीतला शेवटचा कधी गेला
ते आपण पाहिलंसुद्धा नाही.
चंद्रकला : टांगा.
मी आणि रोशनी : पायी.

हिनं भांडं उचललं.
डोंगरावर वरणाचा पिवळा गोल.
‘केवढा उंच हाये हा?’
मी हसलो. हीच तर गंमत :
खिंडीचा माथा दोनशे चाळीस मीटर,
आपलं नागपूर तीनशे दहा.
म्हणजे इतकं चढूनसुद्धा
आपण घराच्या खालीच राहणार.
चढ काहीच नाही, म्हटलं.

‘काहीच नाही?’
पदराला हात पुसत ती म्हणाली,
‘परवा गच्चीवर टाकी पाहाले गेले होते,
मधल्या वळणावर किती वेळ उभे होते?’
कबुतरं बघत होतो.
‘चार मिनिटं. खालून घड्याळ लावलं होतं म्या.
मोजता काय तुमालेच येते?’

कूलरची मोटर थोडा वेळ एकटीच बोलत राहिली.
चौतीस वर्षांचा कोळसा
मी कुठल्याच रकान्यात धरला नव्हता.

तिनं पेन्सिल घेतली,
आपल्या नावापुढचा टांगा खोडला,
तिथून एक बाण काढला,
वाकडातिकडा, वरणाच्या डागाला वळसा घालून
माझ्या नावापर्यंत.
‘मी अन् रोशनी चालतो.
तुम्ही घोडेवाल्याले रस्ता सांगत बसा.’
आणि गुडघा?
‘दुखते. पण चालते तो.’

संध्याकाळी बर्डीवरून आणलेला रेनकोट
तिनं घालून पाहिला. निळा, टोपीवाला.
आरशासमोर घामानं डबडबली
तरी काढेना.
वळून पाठ दाखवली : ‘मागून बरा दिसते का जी?’

मी नवा तक्ता आखतोय.
टांगेवाला आमच्या खूप आधी,
म्हणजे माझ्यासकट, धक्क्यावर पोचेल.
त्याला कुठल्या भाषेत म्हणायचं,
जरा हळू घे बाबा, मागे दोघीजणी आहेत?

नाव अजून सातच मिनिटांनी चुकतेय.
पुलावर थांबणं मी कधीच वगळलं होतं.
तिनं खालच्या समासात परत लिहिलंय,
दोनदा गिरवून :
पूल, दहा मिनिटं.

म्हणजे सतरा.